गोचीड आणि देशी गुरे

गोचीड हा प्राणी आकाराने डाळीच्या दाण्याएवढा. परंतु एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत त्याने अमेरिकेच्या दक्षिण व उत्तर भागांतील गुरांच्या व्यापाराची वाट अडविली, ऑस्ट्रेलियातील मोठमोठे कळप रोडावून टाकले आणि हिंदुस्थानातील वळूंना सातासमुद्रांपलीकडे नेले. या तिन्ही घटनांचा धागा गुरांच्या एका अंगभूत गुणाशी जाऊन पोचतो. तो गुण कोकणातील व सह्याद्रीवरील शेतकऱ्याच्या दावणीला पिढ्यानपिढ्या बांधलेला होता. त्याचे मोजमाप मात्र प्रथम दूरच्या लोकांनी केले.

ठाणे शहरातील वर्तकनगर ही दाट वस्ती पोखरण रस्त्याला लागून वसलेली आहे. तिच्या मागे येऊरचा डोंगर उभा असून त्यावरील रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. या वस्तीतील कुटुंबांच्या घरी दूध पिशवीतून येते. तेव्हा गुरांच्या अंगावरील गोचिडांचा विचार त्यांना परका वाटावा हे स्वाभाविक आहे. तथापि याच जिल्ह्यात पूर्वेकडे शहापूर व मुरबाड हे तालुके आहेत. मुरबाड तालुक्यातील म्हसे गावच्या यात्रेत पौष पौर्णिमेच्या सुमारास बैलांचा मोठा बाजार भरतो आणि तेथे आजही बैलाची पारख हाताने व डोळ्यांनी होते. पारख करणारा माणूस कातडी चिमटीत धरून ती सैल आहे की नाही ते पाहतो, केसांवरून हात फिरवितो, खूर निरखतो. या जुन्या पारखीत किती तथ्य आहे, हा प्रश्न साधा दिसला तरी त्याचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांचे एक शतक खर्ची पडले आहे.

ठाणे व पालघर जिल्ह्यांचा डोंगराळ भाग, नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले आणि गुजरातेतील डांग हा सारा डांगी गुरांचा मुलूख होय. महादेव कोळी, ठाकर, कानडी इत्यादी समाजांनी ही जात राखली. येथे चार महिने पाऊस कोसळतो, गुरे उघड्या रानात भिजत चरतात आणि भाताच्या खाचरात बैलांना पोटरीएवढ्या चिखलात चालावे लागते. अशा हवेत जे जनावर टिकले त्याचीच प्रजा वाढली. डांगी जनावर मध्यम बांध्याचे, चालीस मंद परंतु ओढीस चिवट असते. त्याच्या पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके विखुरलेले असतात आणि त्यांच्या कमीअधिक मिश्रणावरून पारा, बाहळा, मणेरी अशी नावे पडली आहेत. खूर काळे व गारगोटीसारखे कठीण. केस आखूड व तुकतुकीत. कातडी मऊ, सैल आणि तेलकट स्रावाने माखलेली. या स्रावामुळे पावसाचे पाणी अंगात मुरत नाही, असे ही गुरे पाळणारे सांगतात आणि जातीच्या शास्त्रीय वर्णनांतही त्याची नोंद आहे.

पावसाळी मुलखात ओलावा आणि गवत मुबलक असल्यामुळे गोचिडांचीही चंगळ असते. गुरांवरील गोचिडांत जगभर सर्वाधिक उपद्रवी ठरलेल्या जातीला शास्त्रात रिपिसेफॅलस मायक्रोप्लस असे नाव आहे. तिचे मूळ घर दक्षिण व आग्नेय आशिया असावे, असे मानतात. या गोचिडाचे पिलू गवताच्या पात्यावर चढून बसते आणि जवळून जाणाऱ्या जनावराच्या अंगाला चिकटते. पुढील सुमारे तीन आठवडे ते त्याच एका जनावरावर रक्त पिऊन वाढते, कात टाकते आणि प्रौढ होते. रक्ताने टम्म फुगलेली मादी मग जमिनीवर गळून पडते, दोन ते तीन हजार अंडी घालते आणि मरते. म्हणजे एका जनावराच्या अंगावर दहा माद्या पुऱ्या वाढल्या, तर त्या कुरणात वीस-तीस हजार पिले सुटण्याची तजवीज झाली! जनावराचे रक्त जाते, कातडीला भोके पडतात, दूध आटते. परंतु याहून मोठे संकट म्हणजे गोचिडाच्या तोंडावाटे रक्तात शिरणारे सूक्ष्म जीव. त्यांपैकी बॅबेसिया नावाच्या जीवाने तांबड्या रक्तपेशी फुटतात, कडक ताप येतो, लघवी लाल होते आणि पुष्कळदा जनावर दगावते.

या रोगाने अमेरिकेत जो हाहाकार माजविला त्याला तेथे टेक्सास ताप म्हणत. दक्षिणेकडील टेक्सास प्रांतातून गुरांचे तांडे उत्तरेकडील बाजारांत हाकत नेले जात. ही दक्षिणी गुरे दिसावयास निरोगी असत. पण ती ज्या वाटेने गेली तेथे मागाहून चरणारी उत्तरेकडील गुरे पटापट मरत. १८६८ साली इलिनॉय प्रांतात अशी मोठी साथ झाली आणि शेतकऱ्यांनी टेक्सासच्या गुरांना बंदी करावी म्हणून ओरड केली. निरोगी जनावर रोग कसा पसरविते, हे कोडे कोणास उलगडेना. गुराखी गोचिडांकडे बोट दाखवीत होते, पण विद्वान लोक त्याला अडाणी समजूत म्हणत.

ही समजूत थिओबाल्ड स्मिथ व फ्रेड किलबोर्न यांनी प्रयोगाने पडताळून पाहिली. १८८९ पासून काही उन्हाळे त्यांनी वॉशिंग्टनजवळच्या क्षेत्रात गुरांचे गट वेगवेगळ्या कुंपणांत ठेवले. एका कुंपणात दक्षिणी गुरे गोचिडांसह सोडली. दुसऱ्यात त्यांच्या अंगावरील एकूण एक गोचीड हाताने वेचून मगच सोडली. तिसऱ्यात दक्षिणेचे एकही जनावर न आणता केवळ गोचीड विखुरले. गोचीड वेचलेल्या कुंपणातील उत्तरेची गुरे धडधाकट राहिली. नुसते गोचीड विखुरलेल्या कुंपणातील गुरे आजारी पडली. १८९३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. सांधेपाद प्राणी एका जनावराचा रोग दुसऱ्याला पोचवितो याचा तो पहिल्या निर्णायक पुराव्यांपैकी एक होता आणि रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासांच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले ते त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली.

येथे एक भेद ध्यानी धरणे अवश्य आहे. दक्षिणी गुरे रोगास बळी पडत नसत, कारण लहानपणीच तो रोग त्यांच्या अंगी सौम्य रूपाने येऊन गेलेला असे. त्यांच्या अंगावर गोचीड मात्र भरपूर असत. रोग पचविण्याची शक्ती निराळी आणि गोचिडालाच अंगावर टिकू न देण्याची शक्ती निराळी. ही दुसरी शक्ती अमेरिकेच्या गुरांत फारशी नव्हती. तिच्या शोधात टेक्सासच्या पशुपालकांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली.

टेक्सासमधील एबल हेड पिअर्स, ज्यास लोक ‘शांघाय’ पिअर्स म्हणत, हा हजारो गुरांचा धनी होता. गोचिडांना दाद न देणारी गुरे शोधीत तो युरोपात फिरला आणि अखेर वशिंडाची हिंदुस्थानी गुरेच या कामास योग्य, अशा निष्कर्षास आला. तो १९०० साली वारला. त्याच्या मालमत्तेचे व्यवस्थापक ए. पी. बॉर्डन यांनी १९०६ साली हिंदुस्थानातून जनावरे नेली. न्यूयॉर्कजवळ त्यांना अटकावून ठेवण्यात आले, कारण काहींच्या रक्तात सर्रा रोगाचे जंतू सापडले. हा रोग घोड्यांस मारक, पण गुरांत पुष्कळदा सुप्त राहतो. त्याचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली पंजाबात शोधले होते. पुढे त्यावर आल्फ्रेड लिंगार्ड यांनी काम केले. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविलेल्या सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. ज्या देशातून ही गुरे गेली त्याच देशात त्यांच्या रोगाचा अभ्यास झालेला होता! अखेर बॉर्डन यांच्या ३३ जनावरांना सुटका मिळून ती टेक्सासला पोचली.

अमेरिकेत एकंदर गेलेली हिंदुस्थानी गुरे तीनशेहूनही कमी भरतील. परंतु त्यांच्यापासून एक नवी जात उभी राहिली, १९२४ साली तिच्या पालकांचा संघ निघाला आणि तिला ‘ब्राह्मन’ असे नाव पडले. तीत गुजरातची कांकरेज, काठेवाडची गीर, आंध्रातील ओंगोल यांचे रक्त मुख्य असून अल्प प्रमाणात कृष्णाकाठच्या गुरांचेही आहे. ही कृष्णाकाठची जात म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी काळ्या जमिनीच्या अवजड नांगरटीसाठी घडविलेली जात होय. आज तिची संख्या तिच्या जन्मभूमीतच अत्यल्प उरली आहे. ब्राझील देशाने तर हिंदुस्थानी गुरांवर आपली सारी गोसंपत्ती उभारली. १८९३ साली तेओफिलो दि गोदोय हा उबेराबा गावचा पशुपालक स्वतः हिंदुस्थानात आला आणि नंतर अनेकांनी तीच वाट धरली. वीस कोटींहून अधिक गुरांच्या त्या देशात मांसासाठी पाळलेले बहुसंख्य पशू ओंगोल रक्ताचे आहेत; त्यांना तेथे नेलोर म्हणतात.

ऑस्ट्रेलियाची कथा याहून विचित्र आहे. तेथे १८७२ साली डार्विन बंदरात इंडोनेशियाकडून वशिंडाची काही गुरे उतरली आणि त्यांच्याच अंगावरून गोचीडही उतरले. वशिंडाच्या गुरांना त्यांचे विशेष काही वाटले नाही. पण ते पूर्वेकडे पसरत क्वीन्सलँड प्रांतात गेले, तेव्हा इंग्लंडहून आणलेल्या शॉर्टहॉर्न व हेरफर्ड गुरांची दैना उडाली. सोमलाच्या पाण्याने भरलेल्या हौदांतून गुरे पोहत न्यावयाची, हा त्यावर उपाय निघाला. काही दशके तो चालला. १९३० च्या दशकात गोचीड सोमलास जुमानीनासे झाले. त्यानंतर डी.डी.टी. आले, मग आणखी नवी औषधे आली, आणि प्रत्येक औषधाची गत कालांतराने तीच झाली. औषधाने मरत नाहीत तेवढेच गोचीड उरतात व त्यांचीच संतती वाढते; यामुळे औषधाचा मारा हाच निर्ढावलेल्या गोचिडांची निपज करणारा ठरतो.

औषधांची ही शर्यत चालू असतानाच दुसरा मार्ग दिसू लागला होता. १९१८ साली हार्वे जॉन्स्टन व बँक्रॉफ्ट या दोघा संशोधकांनी असे नोंदविले की, क्वीन्सलँडमधील काही गुरांवर गोचीड टिकत नाहीत. १९३३ साली तेथील शास्त्रीय संशोधन मंडळाने पशुपालकांच्या साहाय्याने टेक्सासमधून ब्राह्मन गुरे आणविली. हिंदुस्थानचा वळू अशा रीतीने अमेरिकेच्या वळणाने ऑस्ट्रेलियास पोचला. पुढे तेथे गोचीड मोजण्याची पद्धत ठरली: जनावराच्या एका बाजूवरील, साडेचार ते आठ मिलिमीटर आकाराच्या, म्हणजे गळून पडण्याच्या बेतात आलेल्या माद्या तेवढ्या मोजावयाच्या. ही मोजणी वर्षानुवर्षे चालली आणि तीतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली, वशिंडाच्या गुरांवर चढलेल्या पिलांपैकी शंभरांतील फारच थोडी पूर्ण वाढीस लागतात. दुसरी, हा गुण आईबापांकडून वासरांत उतरतो. एवढेच नव्हे तर एकाच जातीत, एकाच कळपात, एक गाय गोचिडांनी भरलेली व तिच्या शेजारची जवळजवळ स्वच्छ, इतका फरक असतो.

मग हा गुण राहतो कोठे? दक्षिण आफ्रिकेतील प्राध्यापक यान बोन्स्मा यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून गुरांची कातडी, केस आणि त्यांवरील गोचीड यांची मोजमापे घेतली. आखूड व गुळगुळीत केसांच्या, जाड पण हालत्या कातडीच्या गुरांवर गोचीड कमी, आणि लोकरीसारख्या दाट केसांच्या गुरांवर जास्त, असे त्यांस आढळले. वशिंडाच्या जनावराच्या कातडीखालील स्नायू माशी बसताच कातडी थरथरवितात. गळ्याखालची लोंबती पोळी व सैल कातडी यांमुळे घाम निघण्यास जागा अधिक मिळते आणि ऊन सोसवते. याशिवाय जनावराची जीभ हेही मोठे हत्यार होय. गुराला आपले अंग चाटता येऊ नये अशी व्यवस्था केली असता त्याच्यावरील गोचीड वाढतात, असे प्रयोगांत दिसून आले. बाजारात कातडी चिमटीत धरून पाहणारा माणूस निरर्थक काही करीत नव्हता.

परंतु बाह्य लक्षणे ही या गुणाची अर्धीच कथा आहे. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात असे दिसले की, ज्या वशिंडाच्या वासराने जन्मात कधी गोचीड पाहिला नाही, त्याच्यावर पहिल्या वेळी गोचीड बरेच वाढतात. एकदा-दोनदा त्यांचा दंश सोसल्यावर मात्र त्याचे रक्त व कातडी जागी होतात. पिलू चावताच त्या जागी खाज व सूज येते, रक्तातील संरक्षक पेशी तेथे गोळा होतात आणि पुष्कळशी पिले पहिल्या एक-दोन दिवसांतच मरतात किंवा चाटून काढली जातात. विलायती जनावराची कातडीही हे शिकते, परंतु मंदपणे व अपुरेपणे. तेव्हा तुकतुकीत कातडी हे प्रतिकाराचे एक अंग व एक खूण आहे. तिच्यावरून अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. उपासमारीने खंगलेले किंवा आजारी जनावर, मग ते कितीही उत्तम जातीचे असो, या शक्तीस मुकते हेही तितकेच खरे.

जगात हा अभ्यास चालला असता भारतात गुरांची वाट निराळी झाली. देशाला दूध हवे होते. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी पुण्याजवळ उरुळी कांचन येथे संस्था स्थापून होल्स्टीन व जर्सी वळूंच्या संकराचे काम गावोगाव नेले. १९७० साली दुधाचा महापूर ही राष्ट्रीय योजना सुरू झाली. संकरित गाईने देशी गाईच्या कित्येक पट दूध दिले आणि महाराष्ट्रातील असंख्य शेतकरी कुटुंबांच्या हाती रोज पैसा आला. या उपकारास कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण दुधाबरोबर एक उणीवही गोठ्यात आली. विलायती रक्त जितके अधिक तितका गोचिडांचा व गोचीड तापाचा त्रास अधिक. आपल्याकडे गोठ्याच्या भिंतींच्या फटींत राहणारा हायलोमा जातीचा दुसरा गोचीड थायलेरिया नावाचा ताप पसरवितो. देशी गुरांत तो बहुधा सौम्य असतो. संकरित व विलायती गाईंत त्याने मृत्यू ओढवतात. त्यावर लस निघाली. गोचीडनाशक औषधे घरोघर गेली. आता भारतातही अनेक ठिकाणचे गोचीड त्या औषधांस दाद देईनासे झाले आहेत. ऑस्ट्रेलियाने जो धडा सोमलाच्या हौदांपाशी घेतला तोच येथे पुन्हा गिरविला जात आहे.

२०१९ च्या पशुगणनेत देशी व गावठी गुरांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटून सुमारे १४ कोटी २० लाख भरली. संकरित गुरे मात्र वाढली. ट्रॅक्टर व पॉवर टिलर आल्यावर बैल राखणे परवडेनासे झाले, आणि जेथे बैल नको तेथे डांगीसारख्या कमी दुधाच्या, ओढकामी जातीला कोणी वाली उरत नाही. दुसऱ्या बाजूस काही शुभचिन्हेही आहेत. २०१४ साली देशी गोवंशासाठी राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू झाले. कोकणातील लहानखुऱ्या गावठी गुरांना, ज्यांना कोणी जात म्हणून मोजीत नसे, २०१८ साली ‘कोकण कपिला’ या नावाने नोंदणी मिळाली. ठाणे आणि पालघर हे जिल्हे तिच्याच मुलखात येतात. आणि एकेकाळी काठेवाडातून ब्राझीलला गेलेल्या गीर जातीच्या वळूंचे रेत आता ब्राझीलहून भारतात आणण्याचे व्यवहार झाले आहेत. ब्राझीलने वंशावळीची बुके ठेवली, दुधाची व वाढीची मोजणी केली, चांगल्यांतून चांगले निवडले. जनावर आपले होते. हिशेब त्यांचा होता.

या इतिहासातून निघणारा बोध देशी विरुद्ध विलायती अशा भांडणाचा नाही. आपली सारी देशी गुरे सारख्याच प्रतिकाराची आहेत, असेही त्यातून सिद्ध होत नाही. कळपाकळपांत व गाईगाईंत फरक असतो, आणि तो फरक हेच खरे भांडवल आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरात किंवा अकोल्यातील राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात रंग, खूर, वशिंड व चाल यांची पारख होते, तिला गोचिडांच्या मोजणीची जोड देणे अवघड नाही. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस जनावराच्या एका बाजूवरील फुगलेल्या माद्या मोजाव्या, आकडा वहीत मांडावा, आणि वळू राखताना ज्या गाईवर गोचीड कमी तिच्या खोंडाला पहिला मान द्यावा, एवढेच पुरे. संकरित गाय पाळणाऱ्यासही याचा लाभ आहे, कारण विलायती रक्ताचे प्रमाण किती ठेवावे व देशी बाजूचा वळू कोणता घ्यावा, याचा निर्णय अशा वहीवाचून आंधळा ठरतो.

हा प्रश्न केवळ डोंगरातील शेतकऱ्याचा नाही. शहरातील घरी सकाळी जी दुधाची पिशवी येते, तिच्यामागे कुठल्या तरी गोठ्यात गोचिडांवर फवारलेल्या औषधाचा खर्च असतो, आणि औषधानंतर सोडावयाचे दिवस पाळले नाहीत तर त्याचा अंशही दुधात उतरण्याचे भय असते. अंगचीच कातडी गोचिडाला नाकारील अशी गाय हा त्यावरचा सर्वांत स्वस्त व टिकाऊ उपाय होय. अशा गाई सह्याद्रीच्या रानात अद्याप आहेत. त्यांची नोंद घेण्याचे काम त्या आहेत तोवरच होण्यासारखे आहे.